डावीकडच्या कोऱ्या पट्ट्या

घरी गाणी रचण्यासाठी स्वस्तातला, पूर्ण लांबीचा मिडी कीबोर्ड शोधतो आहे. आज कोंढ्याला एक जुना पाहिला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि किंमत नव्याच्या निम्मी. संशय तिथेच आला.

उजवीकडच्या पट्ट्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या, डावीकडच्या कोऱ्या. "या बदलल्या का?" मी विचारलं.

विकणारे काका भजनात पेटी वाजवतात. "कायले बदलवू गा? माहा डावा हात जन्मभर भात्यावर. तिकडं गेलाच नाही."

तरी लॅपटॉपला जोडून मी प्रत्येक पट्टी दाबली. सगळ्या वाजल्या.

"आता तं घेशील?"

उद्या सांगतो म्हणालो. मीही पेटीवरच शिकलो आहे. आता संशय माझ्या डाव्या हाताचा येतो.

पेटीवरून कीबोर्डकडे आलेल्यांनो, तुमचा डावा हात खरंच शिकला का?