नेवा पंपावरच राहिली

नेवा लिंडक्विस्टने जन्मभर नेब्रास्कात शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. नवरा ऑर्विल धान्याच्या कोठारावर कामाला. दोघं निवृत्त झाली, घर विकलं, मोटरहोम घेतली आणि तेव्हापासून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, मग लाल कड्यांची उद्यानं, झायन, ब्राइस, आमचं कॅपिटल रीफ, पुढे आर्चेस, की पुन्हा उलट्या वाटेने तेच. येणारेजाणारे म्हणायचे, काय मजा आहे हो तुमची!

मजा कसली डोंबलाची. रोज सकाळी कपाटांना कड्या, ताटं टॉवेलात, खुर्च्या गाडीच्या पोटात. रोज संध्याकाळी चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट करायची, नाहीतर रात्रभर माणूस घरंगळतंय. घाणीची टाकी रिकामी करणं ऑर्विलकडे होतं, त्याची पाठ गेल्यावर तेही नेवाच्याच नशिबी आलं. एकदा मी तिला म्हटलं, अगं, जरा वर बघ, कडे कसे पेटल्यासारखे लाल झालेत. तर म्हणाली, "दगड त्याला दिसतात, धूळ मला."

मी कॅपिटल रीफच्या कॅम्पची, म्हणजे ह्या गाड्यांच्या तळाची, राखण करते. राहायला फुकट जागा मिळते, त्याबदल्यात लोकांच्या विस्तवावर आणि भांडणांवर पाणी ओतायचं. माझा नवरा गेल्यापासून मीही गाडीतच राहते, तेव्हा ह्या जगण्याचं कौतुक मला कुणी सांगू नये.

गेल्या एप्रिलात भर दुपारी त्यांची गाडी आली आणि ठरलेल्या जागेसमोर आडवी होऊन थांबली ती थांबलीच. मागे दोन गाड्या तुंबल्या. आमच्यात गाडी मागे घ्यायची तर एकाने उतरून मागे उभं राहायचं, हाताने दाखवायचं, आणि ते माणूस आरशातून दिसेनासं झालं की चालवणाऱ्याने ब्रेक मारायचा. नेवा उतरायची वाट बघत ऑर्विल आरशाकडे डोळे लावून बसला होता.

मी काचेवर टकटक केलं. "रस्ता अडवलायस बाबा. नेवा कुठेय?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मागे आडवी पडलीय. रुसलीय माझ्यावर."

मग सगळं सांगितलं. वाटेतल्या हँक्सव्हिलच्या पंपावर त्याने तेल भरलं. जेवण झालं की नेवा मागच्या पलंगावर आडवी होते, तशी झाली असेल म्हणून निघाला. तोंडावर बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून रस्त्याकडे बघतच त्याने बोलायला सुरुवात केली. वळणं नीट दिसत नाहीत. हात कापतात. पुष्कळ फिरलो, आता कुठेतरी थांबूया का? मागून हूं नाही की चूं नाही. "घर विकायला मीच लावलं तिला," तो म्हणाला, "आणि आता मीच पुरे म्हणतोय. रागावणारच ना ती."

मी आत जाऊन पडदा सारला. पलंगावर उशी होती, घडी घातलेली गोधडी होती, बाई नव्हती.

"ऑर्विल, तू पलंगाशी बोलत आलास."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या दरीत फोन लागत नाही. तो तसाच किल्ली फिरवायला लागला, पण बोटं ऐकेनात. त्याला खाली उतरवलं, मागच्या गाडीवाल्याला गाडी लावून द्यायला सांगितलं आणि माझा पिकअप काढला.

वाटभर मनात नको नको ते येत होतं. पंपावर पोचले तर बाईसाहेब सावलीतल्या बाकावर, बूट काढून, पाय लांब करून बसलेल्या. मला बघून तिचा चेहराच पडला.

पिकअपमध्ये बसून तिने बुटांच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाली, "मी पंपावरच्या मोरीतून बाहेर आले आणि गाडी हलली. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती."

"मग मारली का नाहीस?"

"वाटलं, जाऊ दे. घटकाभर एका जागी बसायला तरी मिळेल." मग माझ्याकडे वळली. "त्याला सांगू नकोस हं. कोठारात धूळ खाताना त्याने ह्याच दिवसांची वाट पाहिली होती."

माझं टाळकंच सरकलं. दोघंही एकमेकांचं मन मोडायला नको म्हणून मरमर मरत होती आणि दोघंही मूग गिळून! पण त्याचं बोलणं मी माझ्या तोंडाने कशाला सांगू? एवढंच म्हटलं, वाटेत काय बोलला ते त्याला विचार.

कॅम्पवर ऑर्विल लाकडी टेबलाशी बसला होता. तिला बघून धडपडत उठला, माफी मागितली, पुन्हा मागितली. तिने विचारलं, वाटेत काय म्हणत होतास?

"काही नाही. उद्या ब्राइसला जाऊ म्हणत होतो. तुला आवडतं ना."

"ऑर्विल," मी म्हटलं, "खरं सांग, नाहीतर मी सांगते."

त्याने मान खाली घातली. "थकलोय गं मी."

"मी हाक मारली नाही, ऑर्विल," नेवा म्हणाली. "तू निघालास ते मला दिसत होतं."

तो पुन्हा बाकावर बसला, सरकून जागा केली, ती शेजारी बसली. सुटले बिचारे एकदाचे, असं मला वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, "थांबूया. पण कुठे रे?"

घर कधीच दुसऱ्याचं झालेलं. नेब्रास्कात ओळखीचं म्हणावं असं आता कबरस्तानच उरलंय.

आमच्या कॅम्पवर चौदा रात्रींहून जास्त राहता येत नाही. तेवढ्या सगळ्या रात्री ती दोघं राहिली. रोज जर्दाळूच्या झाडांखाली बसायची, कुठेही जायची नाहीत. मुदत संपली त्या सकाळी त्यांना जागेवरून उठवायचं काम माझंच होतं, आणि माझा पाय निघत नव्हता. गेले तर गाडी चालू होती. स्टिअरिंगवर नेवा होती, ऑर्विल शेजारी.

कुठे निघालात, मी विचारलं.

"माहीत नाही," नेवा म्हणाली. "आज जरा लवकर थांबू."