मल्लिनाथअण्णांच्या चिठ्ठ्या

श्री. मल्लिनाथअण्णा करजगीकर ह्यांच्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढले ती ह्याच वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले एक काळे तबक होते. काठाला लाटांसारख्या चुण्या, मधोमध लाल कागद, आणि चुण्यांत अजून चार तीळ अडकलेले. ते तबक मी माझ्या हाताने केले होते. ते करायला नको होते, हे मला आदल्या संध्याकाळी कळले होते.

भवानी पेठेतले अण्णांचे रेडिओदुरुस्तीचे आणि रेकॉर्डचे दुकान गावाला माहीत आहे. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ह्या अंकात त्यांच्या गाण्याच्या व्यासंगावर लिहिणारे जाणकार पुष्कळ असतील. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. एकादशीला भजनी मंडळात टाळ धरते, एवढाच माझा गाण्याशी संबंध. तरीही मला लिहायला सांगितले, कारण अण्णा म्हणाले म्हणे, "अक्कांचं घ्या. त्यांनी वीस दिवस दुकानात बसून ऐकलंय." म्हणून लिहिते.

आमचे धाकटे दीर सुधाकरभावजी. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि वर्षभरात सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी भावजींचा हात माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी त्यांना न्हाऊमाखू घातले, पण हाक मात्र भावजी आणि अहो अशीच, कारण आमच्या घरची रीत तशी. ते बी. कॉम. झाले आणि त्यानंतर दोन वर्षे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या खिडकीशी उभे राहिले. ह्या दोन वर्षांत त्यांचे बोलणे कमी कमी होत गेले आणि एक नवेच गाणे घरात आले. इंग्रजी, अतिशय मोठे, अतिशय घाईचे. आमचे यजमान गिरणीच्या हपिसात, दिवसभर मागांचा आवाज ऐकून येणारे. ते म्हणत, "घरी आलं तरी भांडीच पडताहेत." मग भावजी रेकॉर्डी लपवून ठेवू लागले.

पौषात मी माळा झाडायला काढला. जुन्या वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली एक रेकॉर्ड निघाली. तिचे कव्हर बघून कोणीही रद्दीच म्हटले असते. वर्तमानपत्रातली अक्षरे कापून वेडीवाकडी चिकटवलेली, फोटोतल्या माणसांचे डोळे काट मारून खोडलेले, एक कोपरा फाटल्यासारखा. तो फाटल्यासारखा छापलेला होता, हे मला नंतर समजले. आमच्या भजनी मंडळात त्या महिन्यात खराब रेकॉर्डी गरम पाण्यात बुडवून तबके करायची टूम निघाली होती. टाकून द्यायची वस्तू कामी आली ह्याचा मला आनंद झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यातच तिळगूळ मांडला. सगळ्या बायकांनी चुण्यांचे कौतुक केले.

संध्याकाळी भावजी आले. तबकाकडे बघितले. मधला लाल कागद वाचला. मी म्हटले, "घ्या ना, तिळगूळ." त्यांनी एक वडी घेतली, माझ्या पाया पडले आणि आत गेले. रागावले असते तर बरे झाले असते. थोड्या वेळाने मी आत डोकावले तर ट्रंक उघडी होती.

"कुठं निघालात, भावजी?"

"मुंबईला. शिवरात्र झाली की."

"उतरणार कुठं?"

"बघू."

पत्ता त्यांनी सांगितला नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. असा गेलेला माणूस पत्र लिहीत नाही. सासूबाईंच्या फोटोसमोर दिवा लावताना त्या दिवशी माझ्याने वर बघवले नाही.

ही सगळी हकिगत मी अण्णांना पायरीवर उभ्याउभ्याच सांगितली. त्यांनी तबक हातात घेतले, उजेडात फिरवले, बोटाने चुण्या मोजल्यासारखे केले आणि विचारले, "पाणी उकळतं घेतलं व्हतं का कोमट?"

"उकळतं."

"तरीच. चुण्या झ्याक पडल्यात की."

आतून त्यांच्या पत्नी गुरुबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "बाई रडायच्या बेतात हाय, आणि तुमी पाण्याचं विचारताय. बसा हो अक्का. ह्यांना रेकॉर्डीपलीकडं माणूस दिसत न्हाई."

हे गुरुबाईंचे म्हणणे किती खोटे आहे, ते मला पुढे वीस दिवसांत कळले.

मी विचारले, अशीच दुसरी मिळेल का. अण्णा म्हणाले, सोलापुरात काय, मुंबईतही अवघड. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला आहे, तो आणतो, म्हणून त्यांच्या दुकानात तरी येतात. त्याला पत्र टाकतो, महिना लागेल. मी मान डोलावून उठले, तर म्हणाले, "थांबा की. तोवर तुमी ऐकायचं."

"मी? मी कशाला?"

"काय मोडलंय ते ठावं नको? नवी रेकॉर्ड हातात द्याल, पोरगा थँक्यू म्हणंल आणि गाडीत बसंल."

मी पुन्हा खाली बसले.

नव्या ऐकणाऱ्याला रेकॉर्ड सुचवायची अण्णांची पद्धत इथे सांगितली पाहिजे. ते कोणतीही रेकॉर्ड चांगली किंवा वाईट म्हणत नाहीत. आधी विचारतात, "कान कशावर वाढलाय?" आणि उत्तर ऐकून मगच हात फळीकडे नेतात. एका वकीलसाहेबांनी दिवाणखान्यासाठी एकदम दहा रेकॉर्डी मागितल्या, तेव्हा अण्णांनी एकच दिली आणि म्हणाले, "ही ऐकून काय वाटलं ते सांगायला या, मग दुसरी." वकीलसाहेब रागावून गेले. आठ दिवसांनी सांगायला आले. प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरात अण्णांच्या हातची एक चिठ्ठी असते. कुठून सुरुवात करावी, कोणत्या गाण्याला कंटाळा आला तरी उठू नये, असे त्यात लिहिलेले असते. गिऱ्हाइकांना इंग्रजी नावे उच्चारता येत नाहीत म्हणून त्यांनी प्रत्येक बँडला आपले नाव ठेवले आहे.

मला त्यांनी विचारले, "भजनात टाळ किती जणींचे?"

"चौदा."

"आणि पत्र्याच्या मंडपात बसता. मग आवाजाचं भ्या तुमाला नको. ह्या गाण्याला पंक म्हणतात. ह्यातली बहुतेक पोरं कुणाकडं गाणं शिकली न्हाईत. तुमच्या मंडळातल्या किती शिकल्यात?"

"एकही नाही."

"झालं की मग."

मी हळूच विचारले, ह्यात शिव्या असतात का. मला देवाचे करायचे असते. अण्णा म्हणाले, "हायेत दोन-तीन. तुमाला कळणार न्हाईत, आणि ज्यांना दिल्यात त्यांच्यापर्यंत पोचणार न्हाईत."

"आणि कळल्याच तर घरी जाऊन चूळ भरा," गुरुबाई म्हणाल्या.

मग दुपारी दुकान बंद असायच्या वेळेला मी जाऊ लागले. गुरुबाई शेजारी निवडण-टिपण घेऊन बसत. त्या मला सोबत म्हणून बसत होत्या, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

पहिली रेकॉर्ड दिली ती 'घाईवाल्यां'ची. अमेरिकेतली पोरे. चिठ्ठीत लिहिले होते: दोनच गाणी, उभ्याने. दोन्ही गाणी मिळून चहाचे आधण यायच्या आत संपली. मी म्हटले, ह्यात काहीच नाही. अण्णा म्हणाले, "नसू दे. उद्या त्येच दोन." तिसऱ्या दिवशी मी पायाने ठेका धरला आहे हे गुरुबाईंनी बघितले आणि डाळीत तोंड घालून हसल्या.

दुसरी 'पोरींची'. लंडनच्या चार मुली, वाजवणाऱ्याही त्याच. गाणारीचा सूर सरळ सरळ लागत नव्हता आणि तिला त्याची लाजही नव्हती. मला आमच्या मंडळातल्या अंबूबाई आठवल्या. त्यांचा सूर हलतो म्हणून आम्ही त्यांना मागे बसवतो आणि हळू म्हणा असे सांगतो. त्यांची भक्ती आमच्या कोणाहून कमी नाही. पुढच्या एकादशीला मी अंबूबाईंना पुढे घेतले. भजन थोडे बेसूर झाले. देवाने काही तक्रार केल्याचे मला कळले नाही.

तिसरी रेकॉर्ड अण्णांनी फडक्याने पुसून दिली. म्हणाले, "ही 'भोंगेवाल्यां'ची. इंग्लंडात आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव हाय एक. त्या गिरण्या बंद पडत चालल्यात. तिथली ही पोरं. तुमी वाकवली ती ह्यांचीच पहिली, ही दुसरी. तुमच्या दिरांनीबी नेलीय ही." चिठ्ठीत एवढेच होते: दुसरी बाजू आधी. शब्दांचा कागद समोर ठेवावा.

मी कागद समोर ठेवला. माझे मॅट्रिकचे इंग्रजी आणि अण्णांची फाटकी डिक्शनरी घेऊन चार दुपारी लागल्या. तिसरे गाणे एका खिडकीचे होते. नोकरीसाठी नाव नोंदवतात ती खिडकी. आतला माणूस नंबर पुकारतो आणि बाहेरचा मुलगा ओरडून ओरडून सांगतो की मला नाव आहे, एकदा तरी नावाने हाक मारा. बस, एवढेच पुन्हा पुन्हा. गाणे दोन-अडीच मिनिटांचे.

मी डिक्शनरी मिटली. दोन वर्षे आमच्या घरात भावजींना रोज एकच प्रश्न होता. हे विचारत, "एक्स्चेंजच्या कार्डावर शिक्का मारून आणला का?" आणि मीही पोळी वाढताना तेच विचारी. दुसरे काही विचारल्याचे मला आठवेना. ज्या आवाजाला आम्ही भांडी पडणे म्हणत होतो, त्या आवाजात तो मुलगा आम्हालाच काहीतरी सांगत होता, आणि मी ते उकळत्या पाण्यात घातले होते.

अण्णा दुकानाच्या फळ्या काढायला बाहेर निघून गेले. मला डोळे पुसायला जागा मिळावी म्हणून गेले, हे मी तेव्हाही ओळखले.

घरी गेले. भावजी ट्रंकेवर बसून बुटाला पॉलिश करत होते. मी म्हटले, "भावजी, तुमच्याकडं ती दुसरी आहे ना, गिरणीच्या गावातल्या पोरांची? तिच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लावता का?"

त्यांचा ब्रश थांबला. "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ऐकलं मी. खिडकीचं गाणं."

"दादा येतील आता."

"येऊ देत. आवाज मोठा ठेवा, त्याशिवाय त्यात मजा नाही."

त्यांनी उठून ट्रंकेतून रेकॉर्ड काढली. मग हसले. दोन वर्षांनी हसले. गाणे चालू असतानाच हे आले, चप्पल काढता काढता काही बोलणार होते, पण मला टाळ्या वाजवताना बघून तसेच हातपाय धुवायला गेले. रात्री ह्यांनी जेवताना कार्डाचे विचारले नाही. म्हणाले, "सुधाकर, ते ओरडणारे कुठले आहेत रे?"

"गिरणीवाले आहेत, दादा."

"मग ओरडणारच," हे म्हणाले.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी अण्णांचा निरोप आला की रेकॉर्ड आली. मी गेले. कव्हर तेच, फाटल्यासारखे छापलेले. आत चिठ्ठी नव्हती. मी म्हटले, "अण्णा, चिठ्ठी विसरलात."

"विसरलो न्हाई. ह्या रेकॉर्डची चिठ्ठी तुमी लिवायची."

आणि त्यांनी मला कोरा कागद आणि आपले पेन दिले, आणि ही नवी रेकॉर्ड मला दोनदा ऐकवली. मी लिहिले: "आधी दुसरी बाजू. पहिले गाणे उभ्याने ऐकावे. शेजारी काही म्हणाले तरी आवाज कमी करू नये. वहिनीने ऐकून पाहिली आहे."

भावजींनी ती चिठ्ठी वाचली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मुंबईला ते गेलेच. मीही थांबा म्हटले नाही. पण जाताना कुठे उतरणार त्याचा पत्ता माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून गेले, आणि दर पंधरवड्याला पत्र येते. एका कारखान्यात कामाला लागले आहेत. गणपतीला आले तेव्हा स्टेशनवरून आधी अण्णांच्या दुकानात गेले आणि मग घरी आले, ह्याचा मला राग आला नाही. परवा यजमान गिरणीतून आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "घर फार शांत झालंय गं."

ते तबक अण्णांनी परत दिले नाही. ते त्यांच्या गल्ल्याशेजारी असते. त्यात खडीसाखर ठेवलेली असते आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते एक खडा देतात. कुणी विचारले तर सांगतात, "आमच्या अक्कांनी हे गाणं ऐकायच्या आधी केलेलं हाय." मी समोर असले तरी सांगतात. पहिल्यांदा मी संकोचले होते. आता मीच तबक पुढे करते.

अण्णा, साठी झाली म्हणजे निवृत्त व्हायचे असते असे लोक म्हणतील; तुम्ही त्यांचे ऐकू नका. अजून आमच्या भजनी मंडळातल्या तेरा बायका राहिल्या आहेत आणि अंबूबाई परवा 'पोरींची' कधी ऐकायला मिळेल म्हणून विचारत होत्या. सिद्धरामेश्वराजवळ माझे एवढेच मागणे आहे की तुमचे कान असेच तीक्ष्ण राहोत, रेकॉर्डवर सुई ठेवणारा तुमचा हात कधी थरथरू नये, आणि गुरुबाईंच्या डाळीला खडे मिळत राहोत, म्हणजे त्यांना आमच्यासारख्यांजवळ बसायला कारण राहील. माझ्यासारखी चूक करून आणखी पुष्कळ माणसे तुमची पायरी चढायची आहेत. त्यांनी चढून वर यावे तेव्हा तुम्ही शंभराव्या वर्षीही तिथेच बसलेले असावे, आणि आधी पाण्याचेच विचारावे.