भिंतीतली टाकी

काचवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा यायचं ते चुकून आणि दुसऱ्यांदा यायचं ते नाइलाजाने. खिडकीची काच फुटली म्हणून कुणी आलं की हा आधी विचारणार, फुटली की फोडली? उत्तर काहीही मिळो, चेहरा असा करणार की गुन्हेगार समोरच उभा आहे. माप चुकीचं आणणाऱ्याला तो हात हलवत परत पाठवायचा, वर पाठमोऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याची अक्कल काढायचा. काम मात्र चोख. त्याने कापलेली काच चौकटीत बसताना हूं की चूं करायची नाही. बायको म्हणायची, काचेला जेवढं जपतात त्याच्या निम्मं माणसांना जपलं असतं तर घराचे दोन तुकडे झाले नसते.

तुकडे झाले ते आईच्या आजारपणानंतर. आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं काचवाला आणि त्याची बायकोच करायची. धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. कुठल्या ना कुठल्या इमारतीत कायम लटकलेला, घरी यायचा तो झोपायला. काचवाला आईच्या उशाशी बसून धाकट्याच्या नावाने तोंड वाजवायचा आणि तिला ते ऐकावं लागायचं, कारण तिला कूससुद्धा स्वतःहून बदलता येत नव्हती. ती गेली तेव्हाही धाकटा कामावर होता. काचवाल्याने चारचौघांत त्याची सालटी काढली. धाकटा तसा मिटल्या तोंडाचा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "आजाराने नाही गेली ती. तुझ्या जिभेने गेली."

त्यानंतर दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

मामाने वाटणी करून दिली. पुढची खोली थोरल्याला, मागची धाकट्याला, दोघांना वेगवेगळी दारं. दोन खोल्यांच्या मध्ये दाराएवढी रुंद मोकळी जागा होती, तिथे सुतार प्लायवूड ठोकणार होता. पण त्या जागेत माशांची टाकी होती. चांगली माणसाच्या छातीला येईल अशी, जागाभर लांब, हातभर रुंद. भाऊ एकत्र होते तेव्हाची. काच थोरल्याने कापून जोडलेली, खालचा लोखंडी सांगाडा धाकट्याने स्वतः वेल्डिंग करून उभा केलेला. काच माझी, लोखंड तुझं. आता वाटा कसा करायचा? आत चार एंजल मासे, पतंगासारखे चपटे, लांब झालरीच्या परांचे. तेही दोघांनी मिळूनच आणलेले. धाकट्याच्या बायकोला टाकी नको होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, घरीही शिवायची, तिला त्या जागी भिंत आणि भिंतीला कपाट हवं होतं. काचवाला म्हणाला, टाकीला हात लावाल तर याद राखा.

मामाने दोन अटी घातल्या. या चार एंजलांपैकी एक जरी जिवंत असेल तोवर टाकी राहील, शेवटचा गेला की निघेल. आणि नवे मासे कुणीही सोडावेत, पण दुसऱ्याच्या माशाला हात लावायचा नाही. लावला तर त्याच दिवशी टाकी रिकामी. मग सुताराने टाकीच्या वर-खाली प्लायवूड ठोकलं. भिंतीला पाण्याची खिडकी राहिली. झाकणं दोन, इकडून एक, तिकडून एक.

टाकी का हवी, असं विचारलं की काचवाला हातच्या कामाचा अभिमान सांगायचा. बायकोला खरं ठाऊक होतं. संध्याकाळी दुकान बंद केलं की हा स्टूल ओढून टाकीसमोर बसणार आणि पाण्यातून पलीकडे टक लावणार. धाकटा आला का, जेवला का, खोकतोय का. मग तिला सांगणार, बघ, आजही उशीर, निलाजरा कुठला. शिव्या घालायला का होईना, त्याला भाऊ रोज डोळ्यांसमोर लागायचा. टाकी गेली असती तर शिव्या घालायच्या कुणाला?

म्हणून तो माशांना डोळ्यांत तेल घालून जपायचा. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवायचा, त्यातला औषधाचा वास उडून गेला की मग वापरायचा. दर आठवड्याला टाकीतलं पाव पाणी काढून तेवढंच नवं घालायचा, सगळं कधीच बदलायचा नाही. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा, कारण त्या चिकट घाणीतच पाणी साफ ठेवणारे जंतू असतात. एकदा तो आजारी पडला आणि शिवणवालीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, चांगुलपणा केला. स्पंज पलीकडून काढून साबण लावून, धुणं आपटावं तसा आपटून पांढराफेक केला. दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं, मासे वर येऊन तोंड वासायला लागले आणि एक एंजल उताणा तरंगला. काचवाला तापातून उठला आणि प्लायवूडकडे तोंड करून, पण नावाला बायकोशी, बोलला.

"काही लोकांना स्वच्छतेची फार हौस असते. आमची आईही अशीच साफ करून टाकली."

पलीकडून मशीनचा आवाज थांबला आणि मग दुप्पट वेगाने सुरू झाला.

तीन एंजल राहिले. अशात एके दिवशी संध्याकाळी काचवाला स्टुलावर बसला तर टाकीत पाच नवे मासे. बोटाच्या पेराएवढे, पिवळट अंगावर काळे उभे पट्टे, आणि विजेसारखे सळसळणारे. टायगर बार्ब म्हणतात त्यांना. बघता बघता एकाने एंजलच्या मागे जाऊन लांब पराची झालर तोडली आणि पळाला. काचवाल्याच्या लक्षात आलं. आलं म्हणजे त्याला वाटलं की आलं. शिवणवालीला कपाट हवंय, कपाटासाठी एंजल मरायला हवेत, म्हणून हे गुंड सोडलेत. बायको म्हणाली, असेलच असं नाही. तो म्हणाला, तुझा जन्म असेलच-नसेलच करण्यात गेला.

दुपारी पलीकडची दोघंही कामावर असत. काचवाला जेवायला म्हणून घरी आला, जाळी घेतली, आणि बऱ्याच झटापटीनंतर एक पट्टेवाला पकडून मोरीत ओतला. आणखी काही दिवसांनी दुसरा, मग तिसरा. एकदम सगळे काढले असते तर लगेच कळलं असतं. एकेक गेला तर मेला असेल म्हणतील, असा हिशेब. पण झालं भलतंच. पाच होते तेव्हा पट्टेवाले येता-जाता एखादा चावा घ्यायचे. दोनच उरले तसे ते दिवसभर हात धुऊन एंजलांच्या मागे लागले. एका एंजलच्या परांच्या नुसत्या काड्या राहिल्या, त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली आणि तो गेला. उरले दोघे, तेही कोपऱ्यात पंपामागे अंग चोरून.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. शिवणवालीने कळवलं होतं, आमचे तीन मासे गेले, मेलेला एकही दिसला नाही. मामा म्हणाला, "मला काही विचारायचं नाही. त्या दोन पट्टेवाल्यांतला एक जरी कमी झाला, तर मीच येऊन बादलीने टाकी उपसतो."

म्हणजे उरलेले दोन काढायची सोय नाही, आणि ठेवले तर एंजल संपणार. दोन्ही वाटांनी भिंतच. काचवाल्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि धोंडा उचलायला कुणाला बोलवायचीही सोय नव्हती.

शेवटी तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराला सगळे जाड्या म्हणत. तो स्टुलावर मावत नसे म्हणून उभाच असायचा. काचवाल्याने पाच होते, दोन उरले, एवढंच सांगितलं. मधले तीन कुठे गेले ते जाड्याने विचारलं, काचवाल्याने शेजारच्या टाकीतले मासे मोजायला घेतले, तेव्हा तो पोट हलवत हसला. म्हणाला, अहो, भांडणं हेच या माशांचं जेवण. आठ-दहा एकत्र असले की आपसातच जुंपते, मोठा कोण ते ठरवायला दिवस पुरत नाही, दुसऱ्याकडे बघायला फुरसत कुणाला? कमी केले की मग समोर दिसेल त्याची शेपटी. तुम्ही कमी केलेत तिथेच चुकलात.

"मग आता?"

"आता आणखी आठ न्या."

शत्रूचं सैन्य स्वतःच्या पिशवीतून घरी न्यायचं? काचवाल्याने दुसरा इलाज विचारला. पाणवनस्पती दाट लावा, एंजलांना आडोसा होईल, जाड्या म्हणाला, पण नुसत्या आडोशाने भागणार नाही. मुळात लांब झालरीवाल्यांबरोबर हे मासे मी देतच नाही. पण तुमच्या भावाने टाकीत काय आहे ते सांगितलंच नाही. नुसतं म्हणाला, टाकी उदास दिसते, चपळ काहीतरी द्या.

"भावाने?"

"तुमच्याच. लिफ्टवाल्याने."

म्हणजे शिवणवालीने नव्हेच. एखादा माणूस इथे ओशाळला असता. काचवाला म्हणाला, त्याला अक्कल होती कधी, आणि आठ मासे मोजून घेतले.

प्लास्टिकची पिशवी आधी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की मगच मासे सोडायचे, असं जाड्याने बजावलं होतं. काचवाल्याने नेहमीप्रमाणे दुपार साधली. पिशवी पाण्यावर ठेवून तो झाकण धरून उभा राहिला. तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं. कारखान्यात वीज गेली होती, शिवणवाली लवकर आली होती. पिशवीतल्या पट्ट्यांकडे तिने पाण्यातून पाहिलं, हातातली कामाची पिशवी खाली ठेवली आणि आपल्या बाजूचं झाकण उघडलं. दोघांच्या मध्ये फक्त पाणी आणि वरची वीतभर हवा होती.

काचवाला टाकीकडे बघून म्हणाला, "कमी असले की दुसऱ्याला छळतात. जास्त असले की आपसात मरतात. दुकानदार म्हणाला. कुणाला ऐकायचं असेल तर ऐका."

शिवणवालीही एंजलांना उद्देशूनच बोलली. "कमी कुणी केले, ते दुकानदार म्हणाला का, भाऊजी?"

काचवाल्याने पिशवीची गाठ सोडली. आठही मासे बाणासारखे सुटले, जुने दोघे त्यांच्यावर धावले आणि तिथून पुढे ती टाकी म्हणजे बाजार झाली. हा त्याला पळवतोय, तो तिसऱ्याच्या अंगावर जातोय. काही दिवसांत एंजल कोपऱ्यातून बाहेर आले. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तुटक्या परांना कडेने नवी पारदर्शक झालर फुटायला लागली.

पण शिवणवाली गप्प बसणारी नव्हती. सुट्टीच्या दिवशी मामा दारात. तो पुढच्या खोलीत टाकीसमोर उभा राहिला, पलीकडून ती आणि धाकटा. मामाने विचारलं, यांतले कुणाचे किती?

"दहाही आमचे," शिवणवाली म्हणाली. "पाच होते, त्यांना पिल्लं झाली."

"पंधरा दिवसांत बापाएवढी?" काचवाला उसळला. आठ माझे आहेत, मी आणलेत, दुकानात जाऊन विचारा, आणि तो शेपटीजवळ तुटका पट्टा असलेला दिसतो ना, तो तर मी स्वतः निवडून घेतलाय. मामाने काचेला नाक लावलं. एका तुटक्या पट्ट्याचे त्याला तीन दिसले आणि तेही एका जागी थांबेनात. त्याने कपाळाला हात लावला. बायको त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती, तो भांडं हातात धरून तसाच राहिला.

धाकटा इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. आता त्याने झाकण पूर्ण वर केलं आणि पाण्यावर वाकला.

"तो माझा आहे. आणला तेव्हापासून पट्टा तुटकाच आहे त्याचा. दादा, डोळे तपासून घे."

काचवाल्याचं तोंड उघडं राहिलं. पण फार वेळ राहिलं तर तो काचवाला कसला.

"माझे डोळे काढतोस? दोरा जाईल एवढी फट नजरेने मापतो मी. तू लिफ्टमध्ये तोंड वर करून करून आंधळा झालास. आणि एंजलांच्या टाकीत हे सोडतात का रे, गाढवा? कुणाला विचारून आणलेस?"

"तुला विचारायला तू माणसात होतास?"

"मी नव्हतो? मी?"

पाण्यात बोट घालून हा माझा, तो तुझा, असं दोघे दाखवायला लागले. बोटामागे मासे पळाले की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच मासे बाजूला पडले, आई आली, तिचं अंथरूण आलं, कुणी किती रात्री जागवल्या ते आलं. धाकट्याचा आवाज चढला, काचवाल्याचा चढलेलाच होता. मामाने दोनदा अरे, अरे, केलं आणि सोडून दिलं. मग त्याने वाकून टाकीच्या तळाकडे बघितलं. दोन एंजल शांतपणे उभे तरंगत होते. त्याने शिवणवालीला सांगितलं, दोघे जिवंत आहेत, कुणाचे किती ते माझ्या बापालाही सांगता येणार नाही, टाकी राहील, आणि यापुढे मला बोलावू नका. चपला घालून तो गेला, ते भावांना कळलंही नाही.

बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. काचवाला म्हणाला, थांब, याचं डोकं अजून ठिकाणावर यायचंय. पलीकडे शिवणवालीने मशीनवर पाय ठेवला, आणि यांचं ऐकू येईना म्हणून काढून घेतला. बाहेर उजेड कमी झाला होता, टाकीतले पट्टे दिसेनासे झाले होते. धाकट्याने हात लांब करून टाकीवरचा दिवा लावला.

"हं," तो म्हणाला, "आता नीट बघ आणि मग बोल."