आनेकलच्या रस्त्यावरचा हत्ती

साठ सालच्या सुमारास काका जुन्या व्हॅनमध्ये गाद्या नि स्टोव्ह टाकून आम्हाला बेंगळूरबाहेरची नवलं दाखवायला न्यायचे. एकदा आनेकलच्या रस्त्यावर, शेताच्या बांधाशी, विटामातीचा प्रचंड हत्ती दिसला. सोंड आखूड, कान जेमतेम सुपाएवढे. एक म्हातारा त्याला चुना लावत होता. आम्ही हसलो, तसा तोही हसला.

“इथं हत्ती कशाला, अज्जा?” मी विचारलं.

“मुलगी येणार आज सासरहून. तिला स्वल्प अंधुक दिसतं. एवढं पांढरं दिसलं, की ती बस थांबवते.”

थोड्या वेळाने बस थांबली. एक बाई उतरली आणि हत्तीच्या पोटावर हात टेकून उभी राहिली. तळव्याला ओला चुना लागला, तशी म्हणाली, “अप्पा, अजून जेवला नाहीत ना?”