तुडूम आणि माझी ओकारी

पाण्यात डोकं बुडालं की मला मळमळतं. लहानपणापासूनच. तरीही डुबी मारण्यात माझा हात कोणी धरला नाही, हे मीच सांगते. दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर बसूनच राहीन.

माझं माहेर पवनीचं, घर वैनगंगेच्या काठाला. नदीतून वर आले की मी काठावर ओकायची. बाबांनी माझं पाण्यात जाणं बंद केलं नाही, ओकायचं कसं ते शिकवलं. "खाली नजर फिरवू नको. ओक आली त ओकून टाक, पर दम घेऊ नको."

सत्तरच्या दशकात लग्न होऊन दिघोरीला आले. नदी सुटली, गावचा तलाव आला. दोन-तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासू तोंडानं काही बोलायची नाही, पण मी लोणच्याची फोड जास्त घेतली की माझ्याकडे बघत राहायची.

त्या वर्षी ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला पावसानं दडी मारली. तलावात पाणी होतं, पण तुडूम उघडेना. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतून, मातीच्या बांधातून, शेतात पाणी सोडायची वाट. तिच्या तोंडात लाकडी डट्टा ठोकलेला असतो, तो गाळात रुतून बसला होता. दरवर्षी तो काढणारा माणूस तापानं फणफणत पडलेला. गावचे गडी एकेक करून उतरले आणि हात हलवत वर आले. माझा नवराही उतरला. "डट्टा लय घट्ट आहे," तो म्हणाला, पण त्याच्या नखात गाळाचा कणसुद्धा नव्हता.

"मी उतरतो," मी म्हणाले. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

कमरेला दोर बांधून खाली गेले. तिथं शेवाळ डुलत होतं आणि मी मूर्खासारखी त्याच्याकडेच बघत राहिले. डट्ट्याला हात लागला न लागला तोच वर यावं लागलं, आणि पाळीवर गुडघे टेकून मी भडाभडा ओकले.

पाळीवरच्या बाया हसायला लागल्या. "अवं, तुया सुनेले दिवस गेले!" एकीनं सासूला सांगितलं. सासू धावत आली, माझ्या कमरेचा दोर सोडायला लागली. "आता पाण्यात पाय टाकायचा नाही. धान गेलं त जाऊ दे!" नवरा उगाच लाजून बाजूला उभा राहिला.

पोळ्याला माहेरी गेलेली मी नुकतीच परतले होते, त्यामुळे घरात कुणाला काही माहीत नव्हतं. गप्प राहिले असते तर महिनाभर तरी राणीसारखी बसून खाल्लं असतं. धान मात्र उभं वाळलं असतं. सगळ्या गावासमोर सासूला सांगावं लागलं.

"आत्याबाई, तसं काही नाही. पवनीले बाहेर बसलो होतो मी. मले पाण्यानंच ओकारी येते."

तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मग तिनं सैल केलेली गाठ पुन्हा आवळली.

"मंग आता कसं करशील?"

"अद्रकाचा तुकडा पाहिजे."

ती स्वतः घरी जाऊन घेऊन आली. दाढेखाली अद्रक धरलं आणि या वेळी डोळे मिटूनच खाली गेले. दगड चाचपत डट्टा गाठला, दोन्ही हातांनी हलवायला लागले, आणि ओक आलीच. तिथंच ओकले, तोंड मिटलं, दम घेतला नाही. हातही सोडले नाहीत. डट्टा सुटला, तशी पाण्याची ओढ हाताला लागली. मी दोराला झटका दिला. मला वर ओढलं ते सासूनं. नवऱ्याला तिनं दोराला हात लावू दिला नव्हता.

पाळीपलीकडे पाणी धो धो पडत होतं. माझ्या हातात डट्टा होता आणि मी पुन्हा ओकत होते.

"माही सून ओकते," सासू गावाला ऐकवत होती, "पर तुमच्यावानी रिकाम्या हातानं येत नाही!"

एवढा अभिमान मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही. पुढे डट्टा अडला की मलाच बोलावणं यायचं.

एक-दोन वर्षांनी एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या मला उलटी झाली. सासू अंगण झाडत होती. तिचा झाडू थांबला.

"तलावात गेली होती काय वं?"

"नाही, आत्याबाई."

तिचा विश्वास बसेना. जवळ येऊन तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते.