मैदानातलं घर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरी आरतीच्याही आधी युनियनची पत्रकं मोठ्याने वाचली जायची. भूत भेटलंच तर त्याला सभासद करून घ्यायचं, एवढीच आमची तयारी... म्हणून तर या प्रकाराचा मला अजून संताप येतो.

साठ सालच्या मोठ्या वादळानंतर बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या एका कचेरीत आम्ही वस्त्यांचे गट पाडत होतो. घरांमधली अंतरं, गल्ल्यांची रुंदी, मोकळी जागा मोजायची. ज्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ, त्या वस्त्या एका गटात. यंत्र नव्हतं, सगळा हिशेब हाताने. विरळ गटाला दुरुस्ती मिळणार, दाट गट जमीनदोस्त होणार.

पितों गावाहून आलेल्या मराठी मंडळींची डोंगराखालची वस्ती दाट गटात गेली. कारण काय, तर मधल्या मैदानात एक घर!

"सिल्वें, तिथे गणपतीत फेर धरून झाकरी नाचतात. घर कुठून आणलंस?" मी सहकाऱ्यावर उखडलो.

"मो झिरे, शपथ घेतो! मी मोजलंय. एका बाईने टेपचं टोक धरलं होतं."

भर दुपारी त्याला ओढत नेलं. मैदान रिकामं. वस्तीतले वडीलधारे भिकाजीकाका म्हणाले, "घर? मग नाचायचं कुठं, तुज्या टाळक्यावर?"

मीच मोजायला घेतलं. सिल्वें टोक घेऊन पलीकडे निघाला. टेप मध्येच ताणली गेली...

"ओढू नकोस रे!"

त्याने दोन्ही हात वर केले — रिकामे. टेप कमरेच्या उंचीवर ताठ. आकडा त्याने आधी लिहिलेलाच.

तरीही मी 'घर नाही' असं लिहून सही ठोकली. साहेबांनी दुसरी तुकडी धाडली. तिलाही घर सापडलं. "बाई होती की, टोक तिनेच धरलं!" वस्ती पाडली.

सिमेंटच्या नव्या खोल्या वाटल्या, त्या दिवशी काका साहेबांसमोर उभे राहिले. "त्या बाईची खोली कुठाय?"

"कसली बाई? तिथे घर नव्हतंच."

"मोजताना व्हतं, वाटताना नाय?"

टेप कुणी धरली होती, मला आजही कळलेलं नाही. पण साहेबांनी काकांना रांगेच्या शेवटी पाठवलं, तेव्हा मीही त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो — तिच्या खोलीसाठी.