चव घेण्याचं काम

आमच्या तुरुंगात कैद्यांना जेवण वाढण्याआधी एका कर्मचाऱ्यानं ते चाखायचं असतं. स्वयंपाकघराचा हवालदार म्हणून हे काम माझ्याकडे आहे. आमटीचा एक चमचा, थोडा भात, भाकरीचा तुकडा. चुलीत लाकडं जळत होती तोवर या कामात मी कधी कुचराई केली नाही.

मग गॅसचा हौद बांधला गेला. संडासाचा मैला आणि स्वयंपाकघरातलं खरकटं त्या बंद हौदात जातं, तिथं गॅस तयार होतो आणि नळीनं शेगडीला येतो. बाभळीच्या लाकडांच्या गाड्या बंद झाल्या. धुरानं डोळे पुसत भाकऱ्या थापणारे कैदी मोकळा श्वास घेऊ लागले. हौदातून निघणारं खत आम्ही आवारातल्या वांग्यांना आणि मेथीला घालू लागलो. बराकीत उभं राहून मीच सगळ्यांना समजावलं, "वास येत नाही, अन्नाला काही लागत नाही. बिनघोर जेवा."

"म्हंजे सकाळी आपणच द्यायचं अन् दुपारी त्याच्यावरच शिजवून खायचं, व्हय हवालदार?" मागून एकजण म्हणाला. सगळी बराक हसली. मीही हसलो.

कुरकुर करत का होईना, सगळे जेवू लागले. एक म्हातारे तेवढे जेवेनात. ते माकणीकडचे शेतकरी. बांधावरच्या मारामारीत आत आलेले, खटला अजून चालू. रांगेत उभं राहून ते थाळी घ्यायचे आणि शेजारच्याच्या थाळीत रिकामी करायचे. तुरुंगाच्या कँटीनमधून घेतलेल्या गूळ-शेंगदाण्यांवर दिवस काढायचे. ब्लडप्रेशरची गोळी उपाशीपोटी घ्यायचे. एका सकाळी हजेरीला उभे असताना त्यांचा तोल गेला. दोघांनी धरलं म्हणून पडले नाहीत.

मी त्यांना सावलीत बसवलं. म्हणालो, "बाबा, असं न खाता कसं चालंल? एखाद्या दिवशी जिवावर बेतंल."

"हवालदार, तुमी तरी कुठं खाता?"

"रोज चाखतो की."

"चमचा तोंडाला लावता अन् मोरीवर जाऊन थुंकता. भाजी निवडायला बसलो की समदं दिसतंय मला. माझं गुडघं गेलेत, डोळं न्हाय."

ते खरं होतं. गॅस सुरू झाल्यापासून तिथला एक घासही माझ्या घशाखाली गेला नव्हता. त्यात वाईट काही नाही हे मला पटलेलं होतं, तरी शेगडीकडे बघितलं की हौदात काय जातं तेच आठवायचं. मला घरून डबा यायचा. बराकीतल्या माणसांना त्या शेगडीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि मी त्यांनाच बिनघोर जेवा म्हणून सांगत होतो. हा म्हातारा झुरत चालला होता तो गॅसमुळे नाही, माझ्यामुळे. तो विचार दिवसभर माझ्या मागं होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी थाळी घेतली आणि पंगतीत त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो.

"अयाया, आज हवालदार पावणे आले!" पलीकडून आवाज आला. "वाढा रे त्यांना भरून, लाजू देऊ नका!"

भाकरी आमटीत बुडवून मी पहिला घास घेतला. बराच वेळ तो तोंडातच फिरवत राहिलो. म्हातारे माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होते.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

छान आहे, असं म्हणणं सोपं होतं. पण म्हणवेना. "पहिला घास उतरत नव्हता, बाबा," मी म्हणालो. "मन घेत नव्हतं. पाणी पिऊन गिळला. दुसरा बरा गेला. आमटीची चव आहे तशीच आहे."

त्यांनी माझ्या थाळीकडे बघितलं. मग म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर? मला वाटलं, अन्नातच कायतरी खोट हाय, म्हणून तुमी थुंकता."

"चुकलं माझं."

त्यांनी आपली भाकरी मोडली. हात आमटीकडे गेला, पण स्वतःच्या नाही, माझ्या थाळीतल्या. ज्या आमटीतून मला खाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तीच त्यांना हवी होती. कैद्यानं हवालदाराच्या थाळीत हात घालायचा नसतो. मी थाळी त्यांच्याकडे सरकवली.